दिलामचं पुढे काय?

कोतो कालावी,
शुक्रवार, ७ ऑगस्ट १९९२

चि. गुसनेती हिस मामाचा सलाम आणि मनापासून आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या मावशीचे गुडघे कुरकुरतात, पण तिची जीभ त्यांच्याहून जास्त चालते, म्हणजे प्रकृती ठीक आहे असं समज. माझ्या पायाला विळा लागला होता. ती जखम मावशीची येस्मी रोज गरम पाण्याने धुते, पट्टी बांधते आणि मी हललो की मला दटावते. आईच्या पोटातून परिचारिका होऊनच आलेली दिसते कार्टी.

गुरुवारची बस यायच्या आधीच आपल्या दुकानाच्या पायरीवर पोरींची झुंबड असते. जकार्ताहून तुझं साप्ताहिक आलं की साबण, वह्या, शेंगदाणे सगळं बाजूला राहतं आणि तुझ्या कथेतल्या दिलामचं पुढे काय झालं, एवढंच चालतं. नाव काढलंस बाई. मी असली पोरकट प्रेमप्रकरणं वाचत नाही हे तुला ठाऊक आहेच. दुकानदाराने माल पारखून घ्यावा म्हणून वरवर नजर टाकतो, इतकंच.

तर अशी नजर टाकताना परवा एक गोष्ट डोळ्यांत खुपली. तुझा तो रीझाल दिलामच्या मामाला ओढ्याकाठी भेटतो आणि चक्क मामा म्हणून हाक मारतो. जकार्तात कुणाचं तिकडे लक्षही गेलं नसेल. पण इथे कॉफीच्या दुकानात म्हाताऱ्यांच्या हातातल्या कॉफीच्या करवंट्या तशाच राहिल्या. मुलीच्या मामाला मुलगा मामा कधी म्हणेल? दोघांचं आईकडून आलेलं कूळ एकच असेल तरच. आणि एका कुळाची पोरं म्हणजे भावंडं, मग गावं वेगळी असली म्हणून काय झालं? म्हणजे तू चार महिने आम्हांला जी प्रेमकथा वाचायला लावते आहेस ती भावाबहिणीची आहे. मी हसण्यावारी नेलं. जावा बेटावर कुणीही कुणाला मामा म्हणतं, म्हटलं. पटलं असं नाही.

आणखी एक. दिलाम रागावली की कुणी न सांगता पाट्यावर मिरच्या वाटायला बसते. अशी मुलगी मी एकच पाहिली आहे, आणि ती माझ्या पायाला पट्टी बांधते.

या पत्राला उत्तर म्हणून मला काही सांगू नकोस. मी काही विचारलेलं नाही. फक्त पुढचं जपून लिही.

मामाची माया आहे तशीच आहे, तीत उणं पडू देऊ नकोस.
तुझा मामा

⁂

जकार्ता,
१४ ऑगस्ट १९९२

चि. येस्मीस ताईचे अनेक आशीर्वाद.

आधी हे वाचून चुलीत टाक, मग बाकीची कामं.

मामांना कळलंय. सगळं नाही, पण मामा म्हणजे मांजर, उंदराची शेपटी दिसली की बिळाची लांबी सांगतील. माझीच चूक झाली. रीझालच्या तोंडून सहज मामा निघून गेलं. तू पत्रांत अफ्दालबद्दल लिहितेस ना, की तो मामांना रस्त्यात बघतो आणि हाक मारायचीही चोरी, तेच डोक्यात होतं. आमच्या संपादक वुर्यानीबाईंनी त्या भागातला अर्धा पाऊस कापला, आणि हे मात्र तसंच राहिलं. त्या जोग्याकर्ताच्या, त्यांना काय कळणार?

येस्मे, गोष्ट लिही असं तूच मला म्हणाली होतीस. तू नि अफ्दाल एका कुळाचे, कुणापाशी बोलायची सोय नाही, म्हणून निदान कागदावर तरी बघू दे माझं काय होतं ते, असं लिहिलं होतंस. मी लिहीत गेले आणि खरं सांगते, मला मजा येत गेली. इतकी पत्रं मला आजवर कधी आली नव्हती. सुलावेसीहून पोरी लिहितात की दिलामला रीझालबरोबर जाऊ द्या. आता मला रात्रीची झोप नाही. तुमचं दोघांचं नक्की काय ठरलंय ते सरळ लिही. थट्टा नको.

मावशीला सलाम. तुझ्या पत्राकडे डोळे लागलेत.
तुझी नेतीताई

⁂

कोतो कालावी,
२० ऑगस्ट १९९२

प्रिय नेतीताईस येस्मीचा सलाम.

तुझं पत्र चुलीत टाकलं. आईने विचारलं काय जाळतेस, म्हटलं शाळेच्या जुन्या वह्या. ती म्हणाली बरं झालं, एकदाची शाळा संपली. बघ, एवढंच म्हणायचं होतं तिला.

ताई, तू घाबरू नकोस, मी घाबरलेली नाही. आता काय ठरलंय ते सांगते. भात कापून झालं की सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आई आणि मामा विड्याचं तबक घेऊन त्या तालुका कचेरीतल्या कारकुनाच्या घरी, आपल्या रीतीने, त्यालाच माझ्यासाठी नवरा मागायला जाणार. मुलगा चांगला आहे म्हणे. चांगला असेल, मी कधी पाहिलाय? आई म्हणते घर मुलींचं असतं, नेती गेली जकार्ताला, तू गेलीस तर या घरात दिवा कोण लावणार? मी पादांगच्या परिचारिका शाळेचं नाव काढलं तर दोन दिवस जेवली नाही. मग मी मिरच्या वाटल्या. अख्ख्या गल्लीला ठसका लागला.

अफ्दालचा भाऊ पेकानबारूला शिवणकाम करतो. त्याच्याकडे जायचं. रविवारच्या आधीचा शनिवार, दुपारच्या नमाजानंतरची बस, पुलाजवळच्या वळणावर. दुकानासमोरून नको म्हणून तिथे.

पण खरं सांगू? अजून पक्कं नाही. अफ्दाल म्हणतो तुझा शेवटचा भाग त्याच आठवड्यात येणार, तोवर थांबू. तोही प्रत्येक भाग वाचतो, बहिणीच्या नावावर मागवतो. आमचं ठरलंय. दिलाम बसमध्ये चढली तर मीही चढणार. नाही चढली तर नाही. हसू नकोस. तू मला लहानपणापासून ओळखतेस, माझ्यापेक्षा तुलाच जास्त कळतं मी काय करेन ते. तू लिहिलंस की मी ते करायला मोकळी होते.

म्हणून नीट लिही. आणि मला आधी सांगू नकोस, गंमत जाईल.

तुझ्यावर माझा सगळा भार आहे, लोभ असू दे.
येस्मी

⁂

जकार्ता,
२६ ऑगस्ट १९९२

ति. मामांस गुसनेतीचा सलाम, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पायाची जखम भरली असेल. भरली नसली तरी चालत दुकानात जाताच, हे मला ठाऊक आहे.

तुम्ही काही विचारलेलं नाही, म्हणून मी काही सांगत नाही. दिलामची गोष्ट मी मनाने रचली आहे आणि ती तशीच आहे असं धरून चाला. पण मामा, एक मला कळत नाही. समजा, गोष्टीतल्या मामाला आपल्या भाचीबद्दल संशय आला. तर तो तिला जवळ बसवून विचारत का नाही? माझ्याशी तुम्ही असं कधी वागला नव्हता. सोळाव्या वर्षी मी तुमच्या दुकानातल्या वह्या चोरून गोष्टी लिहीत होते, तेव्हा तुम्ही मला समोर बसवून सबंध गोष्ट मोठ्याने वाचायला लावली होतीत. शेवटी म्हणालात, मुलगी रडते ते ठीक, पण का रडते ते लिही. ती गोष्ट पुन्हा लिहिली आणि छापून आली. मावशी मला गावाबाहेर पाठवायला तयार नव्हती. तुम्ही तिला म्हणालात, आपले मुलगे वयात आले की नशीब काढायला बाहेर पडतात, मुलींचं नशीब काय चुलीत पुरलंय? आणि मला तेलुक बायूर बंदरात बोटीत बसवून दिलंत. तो मामा कुठे गेला?

इथली बातमी म्हणजे वुर्यानीबाई खूश आहेत. कथेचं पुस्तक करायचं म्हणताहेत, माझं पहिलं. इतकी वर्षं दिवसा लोकांची मुद्रितं तपासायची आणि उरल्या वेळात आपलं लिहायचं असं चाललंय, आता कुठे कव्हरवर नाव येईल. अट एकच, दिलाम बसमध्ये चढली पाहिजे. बाई म्हणतात की पोरी घरातून बाहेर पडू शकत नाहीत म्हणूनच आपल्याला वाचतात, त्यांना निदान कागदावर तरी बाहेर जाऊ द्या. मला ते पटतं, मामा. म्हणूनच काय करावं सुचत नाही.

शेवटचा भाग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा आहे.

आपली कृपा आहे, ती अशीच राहो.
आपली, गुसनेती

⁂

कोतो कालावी,
३१ ऑगस्ट १९९२

चि. गुसनेतीस आशीर्वाद.

हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे, यावरून ओळख.

मामा कुठे गेला म्हणतेस? मामा तिथेच आहे, पण मधल्या काळात त्याच्या डोक्यावर दातुकची पगडी चढली आहे, ती तू विसरलीस. कुळाच्या प्रमुखाचे कान त्याचे स्वतःचे नसतात. माझ्या कानावर आलं की ते सभेच्या कानावर आलं. मी तिला जवळ बसवून विचारलं आणि तिने खरं सांगितलं, आणि ती खोटं बोलणारी नाही, तर त्याच आठवड्यात मला ते सभेत ठेवावं लागेल. न ठेवलं तर मी शपथ मोडली. म्हणून मी विचारत नाही. म्हणून तूही सांगू नकोस. मला जे काही बोलायचं ते दिलामबद्दलच बोलता येतं.

आता दिलामबद्दल ऐक. ती त्या मुलाबरोबर गेली तर काय होईल ते तुझ्या जकार्ताच्या बाईंना ठाऊक नाही, तुला आहे. सभा बसेल. कुळातून काढल्याचं वाचून दाखवायचं काम तिच्या मामाचं. दुसऱ्या कुणाचं नाही, त्याचंच. त्यानंतर आईने तिला घास वाढायचा नाही. सणाला उंबरा नाही. मेली तरी आपल्या कबरस्तानात जागा नाही. मी लहान असताना एकदा ऐकलं आहे ते वाचन. वाचणारा माझा मामा होता. त्यानंतर तो माणूस जेवणाच्या पंगतीत बसला नाही, कुणी हात धरून नेलं तरी उठून जायचा. मी त्याच्याएवढा धट्टाकट्टा नाही, नेती. माझ्याने ते वाचवणार नाही, आणि वाचल्याशिवाय सुटणारही नाही.

आपल्या घरात मुली दोनच. तू जकार्ताला. राहिली ती. ती गेली की घर बंद.

पुस्तकाचं मला कळलं. तुझ्या पुस्तकासाठी तुझ्या आईने किती नवस केले असते ते मी जाणतो, ती असती तर. तरी मागतो आहे. दिलामला बसमधून उतरव. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. आणि तो वरवर नजर टाकायचा विषय निघालाच आहे तर कबूल करतो, पहिल्या भागापासून अक्षर न् अक्षर वाचलं आहे. ओढ्याकाठचा भाग दोनदा.

हा म्हातारा तुझ्याकडे आशेने बघतो आहे, विसरू नकोस.
मामा

⁂

जकार्ता,
६ सप्टेंबर १९९२

ति. मामांस सलाम, वि. वि.

केलं. दिलाम बसमध्ये चढत नाही. वळणावर उभी राहते, बस येते, ती मागे फिरते. घरी जाते. मामा तिच्या डोक्यावर हात ठेवतो. रविवारी तबक कारकुनाच्या घरी जातं आणि सगळ्यांचे डोळे पाणावतात. एका बैठकीत लिहिलं आणि वाचून न बघता देऊन आले.

वुर्यानीबाईंनी वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या की छापीन, कारण दुसरं लिहून घ्यायला वेळ नाही, पण पुस्तकाचं राहू दे. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शेवटी विचारलं की गुसनेती, हे कुणाला घाबरून लिहिलंस? मी म्हटलं, कुणाला नाही. आता मी पुन्हा मुद्रितं तपासते आहे. एका बड्या लेखकाच्या कादंबरीत बेचव आमटीचं वर्णन तीन पानं आहे, त्यातला प्रत्येक काना मी नीट लावते.

राग आहे, मामा. लपवून काय करू? तुमच्यावर आहे, सभेवर आहे, मावशीवर आहे, आणि जिने माझ्या लेखणीवर आपलं आयुष्य सोडून दिलं तिच्यावरही आहे. तिच्यावर सगळ्यात जास्त. ती शेवटचा भाग वाचेल, मागे फिरेल, मिरच्या वाटेल आणि कारकुनाशी लग्न करून घरात बसेल. तुम्हांला हवं तसं. ती जिवंत राहील, घरात राहील, मलाही तेच हवं आहे. मग हे लिहून झाल्यापासून मला ते पान पुन्हा वाचून का बघवत नाही ते मला सांगा.

अंक चोवीस तारखेच्या गुरुवारी तुमच्या बसने येईल. काय होतं ते लगेच कळवा. उशीर लावू नका.

रागावले तरी तुमचीच आहे,
गुसनेती

⁂

कोतो कालावी,
गुरुवार, २४ सप्टेंबर १९९२

चि. नेतीस आशीर्वाद.

दुपारच्या बसने गठ्ठा आला. पोरी पायरीवर होत्या, येस्मी सगळ्यांत पुढे. मी म्हटलं थांबा, आधी मोजून घेतो, आणि गठ्ठा घेऊन आत गेलो. तांदळाच्या पोत्यांमागे उभ्याने वाचला.

बाहेर येऊन पोरींना सांगितलं की आपल्याकडचा गठ्ठा बसवाल्याने वाटेत कुठेतरी पाडला. साठाव्या वर्षी दातुक माणूस धडधडीत खोटं बोलला. पोरी हळहळल्या, एकीने बसवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. येस्मीने माझे रिकामे हात बघितले. तिचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं आता खाली बसते. पण बसली नाही, घरी गेली.

का लपवला ते सांगतो. मी तुला म्हटलं होतं तिला बसमधून उतरव. तू उतरवलंस. पण अगं, शेवटच्या चार पानांत ती मुलगी एक शब्द बोलत नाही. मामा बोलतो, आई बोलते, कारकुनाची आईसुद्धा बोलते. दिलामच्या नावापुढे काय, तर दिलाम काही बोलली नाही. ही कोण मुलगी? मला एप्रिलपासून जी दिलाम माहीत आहे ती ओढ्याकाठी म्हशीशीसुद्धा वाद घालते. आणि तो मामा. काय ती त्याची सोन्यासारखी वाणी, काय तो डोक्यावरचा हात. असला मामा मला दुकानात भेटला तर मी त्याला उधार देणार नाही.

मी तुझ्याकडे भाचीचा जीव मागितला होता. तू भीतीने तिची जीभ कापून दिलीस. दोष तुझा नाही, मागणाऱ्याचा आहे. येस्मीने हे वाचलं असतं तर तिला वाटलं असतं की तिच्या ताईचंही मत हेच आहे. मग तिच्या बाजूने कोणीच उरलं नसतं. ते माझ्या हातून होऊ देववेना.

पण आता माझी झोप उडाली आहे. तिच्यापाशी कागद नाही, मी विचारू शकत नाही, तुझ्या गोष्टीतली शनिवारची बस उद्यावर नाही परवावर. वळणावर जाऊन उभा राहिलो तर मला दिसेल, आणि दिसलं म्हणजे कळलं. म्हणून मी दुकानातून हलणार नाही. बस जाताना आतल्या बाजूला तोंड करून बसेन.

तिच्यासाठी दुवा कर. माझ्यासाठीही कर.
मामा

⁂

कोतो कालावी,
सोमवार, २८ सप्टेंबर १९९२

प्रिय नेतीताईस येस्मीचा सलाम.

मी घरी आहे. हे आधी लिहिते, कारण तू पत्र फोडायच्या आधीच रडायला लागली असशील. आता नीट बैस आणि ऐक.

गुरुवारी अंक आलाच नाही. बसवाल्याने पाडला म्हणे. मला वाटलं पायाखालची जमीन गेली. दोन दिवस मी काही खाल्लं नाही, आईला वाटलं कारकुनाच्या घरचं आठवून लाजते आहे. शनिवारी कपड्यांचं बोचकं बांधलं, वर धुवायच्या चादरी टाकल्या आणि नदीवर जाते म्हणून निघाले. वळणावर अफ्दाल आधीच आला होता. त्याने नवा सदरा घातला होता, इस्त्रीचा. छान दिसत होता, ताई. तो वाईट नाही, हे लक्षात ठेव आणि त्याला गोष्टीत वाईट करू नकोस.

पहिलं त्याने काय विचारलं असेल? तुझ्याकडे अंक आला का? मी म्हटलं नाही. तो म्हणाला त्याच्या गावातही नाही आला, आपल्या सगळ्या भागाचा गठ्ठा मामांच्याच दुकानातून जातो. मग तो उकिडवा बसला, गवताची काडी चावत. आणि म्हणाला की मग आज नको जाऊ या. पुढच्या गुरुवारी जादा अंक मागवता येतील, दिलाम काय करते ते बघू आणि मग ठरवू. मी म्हटलं, उद्या माझं तबक निघणार. तो म्हणाला, हो, ते आहेच, पण न वाचता कसं जायचं?

बस पुलावर चढल्याचा आवाज आला. मी त्याच्याकडे बघत राहिले. एका छापील कागदासाठी हा माणूस मला रविवारी दुसऱ्याच्या हवाली करायला तयार आहे, असं मनात आलं आणि फार राग आला. आणि पाठोपाठ आलं की बाई गं, तूही तेच करते आहेस. दोन दिवस उपाशी राहिलीस ते कशासाठी? आता ताई काही सांगत नाही म्हणून? मला माझीच लाज वाटली. बस थांबली. वाहकाने चढताय का विचारलं. मी नाही म्हटलं. अफ्दालला सांगितलं की तू पुढच्या गुरुवारी वाच, पण माझी वाट बघू नकोस. तो रडला थोडा. मीही रडले, चालता चालता.

सरळ दुकानात गेले. मामा आतल्या भिंतीकडे तोंड करून बसले होते, एकटेच. मला बघितलं आणि असे दचकले की हातातली कॉफी लुंगीवर. मी बोचकं खाली ठेवलं. ते बोचक्याकडे बघायचंच टाळत होते. मी तोंड उघडणार तर त्यांनी हात वर केला आणि विचारलं, दातुकने ऐकायचं असं काही आहे का? ताई, असं त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की यांना सगळं ठाऊक आहे आणि ते कशाला घाबरलेत ते. मी म्हटलं, छे, मी गिऱ्हाईक म्हणून आले आहे. अंक नाही तर निदान दिलामची गोष्ट मीच तुम्हांला सांगते.

आणि सांगितली. दिलाम बसमध्ये चढत नाही, म्हटलं, कारण रीझालला तिच्यापेक्षा गोष्टीचा शेवट जास्त हवा असतो. पण ती कारकुनाशीही लग्न करणार नाही. तिला पादांगला जाऊन परिचारिका व्हायचंय, जानेवारीत तिथे वर्ग सुरू होतो. ती सणाला घरी येईल, भात कापायला येईल, घराचं दार बंद पडू देणार नाही, शिकून झालं की इथल्याच दवाखान्यात येईल. पण आत्ता नवरा मागायला कुणी जायचं नाही. आणि कुणाला वाटत असेल की ती गप्प बसेल, तर पाटा आणि मिरच्या घरात आहेत. एका दमात बोलले. मामा ऐकत होते, गोष्ट ऐकावी तसे, मध्येमध्ये हं म्हणत. संपल्यावर बराच वेळ पायाची पट्टी चाचपत बसले. मग विचारलं की यावर दिलामचा मामा काय म्हणतो? मी म्हटलं, ते अजून लिहिलेलं नाही.

रविवारी सकाळी आई तबक झाकायला गेली तर तबक जागेवर नाही. दुपारपर्यंत शोधशोध झाली. मिळालं कुठे, तर दुकानाच्या पत्र्यावर, भर उन्हात. विड्याची पानं पापडासारखी वाळलेली. मामा म्हणाले की रात्रीच्या दवात ताजी राहतील म्हणून ठेवली, विसरलो, म्हातारपण. आता कोमेजल्या पानांनी मागणी घालायला गेलो तर दोन्ही घरांना अपशकुन. कारकुनाकडे निरोप गेला की रमजाननंतर बघू. आई जी चिडली. म्हणाली, साठ वर्षांत पानं उन्हात ठेवणारा दातुक बघितला नाही. मामा मान खाली घालून ऐकत होते, आणि मग अगदी सहज म्हणाले की तोवर पोरगी पादांगला चार अक्षरं शिकून आली तर कारकुनाच्या घरी आपलंच वजन वाढेल. आई अजून जेवलेली नाही. पण काल माझ्या चादरी तिने इस्त्री करून बॅगेजवळ ठेवल्या.

म्हणजे मी जानेवारीत जाणार. 

आता तुझ्याशी भांडण. आज सकाळी मामांकडून शेंगदाणे घेतले. पुडी सोडली तर कागदावर दिलामचं नाव. बसवाल्याने पाडलेल्या गठ्ठ्यातलं पान. मी मामांना काही विचारलं नाही, त्यांनीही मला काही विचारलं नव्हतं म्हणून. पान अर्धंच होतं, पण तेलाच्या डागांतून एवढं वाचता आलं की मामाने डोक्यावर हात ठेवला, दिलाम काही बोलली नाही. ताई, ही कोण? मी शनिवारी हे वाचलं असतं तर आज वाळलेल्या पानांऐवजी माझा चेहरा तबकात असता. तू मला इतकं कमी ओळखतेस का? की घाबरली होतीस? घाबरली असशील तर माझ्यामुळे, हे मला कळतं. मी माझा सगळा भार तुझ्यावर टाकला होता. तो आता काढून घेते.

शेवट पुन्हा लिही. कुणी छापो न छापो. या वेळी मी काय करेन याचा विचार करू नकोस, मी माझं बघेन. तू दिलामचं बघ.

तुझी, आणि आता जरा माझीही,
येस्मी

ता. क. हे पत्र मी वाचलेलं नाही, दातुक असल्यामुळे वाचता येत नाही. फक्त पाकीट चिकटवतो आहे. उरलेले अंक शेंगदाण्यांना पुरतील. नवा शेवट लिहिलास की तुझ्या त्या बाईंना दाखवण्याआधी इकडे पाठव, दुकानाच्या पायरीवर बसून येस्मी तो मला मोठ्याने वाचून दाखवेल. आणि त्या मामाला चार शिव्या घाल, तो फारच गोड झाला आहे. — मामा